तोंडात मावेल तेवढं

व्हिडिओ इतका छोटा होता की तो संपला तरी आपण काय बघितलं ते संयोगिताला कळलंच नाही. शाळेतून येऊन ती नुकती कुठं चहात खारी बुडवत होती. निळ्या खडीचा मोठा टँक, दवाखान्यासारखा पांढरा उजेड, आत एकच मासा, गुलाबी, जाड ओठांचा, कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आलेला. वरून एक हात आला. हातात लोणच्याची बरणी. बरणीतून करंगळीच्या पेराएवढं काहीतरी लाल पाण्यात पडलं आणि पडल्या पडल्या मागच्या मागं उडालं. मासा वळला. तोंड उघडलं, मिटलं. मग दुसरं लाल पडलं. कॅमेऱ्यामागं कोणीतरी खिदळत ओरडत होतं, "घे पैलवान, खुराक घे!" संयोगितानं व्हिडिओ परत लावला, आणि परत, आणि तोवर खारी विरघळून कपाच्या तळाशी जाऊन बसली. मागच्या मागं असं फक्त कोळंबीच उडते. घाबरली की शेपूट पोटाशी आपटते आणि मागं काय आहे ते न बघताच जाते. आणि ती जी दुसरी पडली तिच्या पोटाखाली पिवळ्या अंड्यांचा गुच्छ होता. ती पायांनी त्यांना वारा घालत होती. पडता पडतासुद्धा घालत होती. पायांचं ते हलणं संयोगिताला तोंडपाठ होतं, जसं एखाद्याला आपल्या आईचं जिन्यावरचं पाऊल ओळखू येतं. व्हिडिओ टाकला होता बाळासोकाकांच्या ऋतुराजनं, 'तालीम परिवार' नावाच्या ग्रुपवर, म्हणजे वडिलांच्या तालमीतले जुने जोडीदार आणि त्यांची बायकापोरं यांच्या ग्रुपवर. खाली हसून हसून डोळ्यांतून पाणी काढणारी पिवळी तोंडं रांगेनं उभी होती. आणि सगळ्यांत पहिला अंगठा तिच्या वडिलांचा.

तिच्या कोळंब्या होत्या त्या. गेल्या रविवारपर्यंत ह्याच हॉलमध्ये, टीव्हीशेजारच्या टँकमध्ये, मॉसवर, त्या हिरव्या शेवाळावर बसून दिवसभर हात तोंडाशी नेत होत्या. रविवारी बाळासोकाका आले. काका म्हणजे वडिलांच्या मातीतला गडी, दोघं एकाच आखाड्यात एकमेकांची पाठ लोळवत मोठे झालेले. मूळचे आजऱ्याचे, तिकडं काजूचा कारखाना, राहायला इथं रुईकर कॉलनीत. आले की त्यांच्या बरोबर काजूची पिशवी येते आणि त्यांचा आवाज येतो, दोन्ही घरभर सांडतात. "आयला विजू, हे काय रं? लाल मुंग्या पाळल्यास व्हय?" "कोळंबी हाय ती. पोरीचा नाद." काका गुडघ्यावर हात ठेवून वाकले, नाक काचेला लागेपर्यंत वाकले, आणि म्हणाले, "लई झाक दिसत्यात की रं!" स्वयंपाकघरात आईनं गॅस बारीक केला. तिला पुढचं वाक्य माहीत होतं. संयोगितालाही होतं. पावण्यानं एखाद्या वस्तूचं नाव काढलं की विजयसिंह नावाच्या माणसाच्या तोंडून दोनच शब्द निघतात, शिंक आल्यासारखे, अडवून अडत नाहीत. "न्या की!" आईच्या माहेरचा पितळी अडकित्ता असा गेला. मिरजेहून आणलेली सतरंजी गेली. संयोगिताची निळी सायकल अशी गेली, आत्याच्या पोरानं नुसतं "भारी हाय" म्हटलं आणि संध्याकाळी ती जीपच्या टपावर दोरीनं बांधलेली, चाकं आभाळाकडं करून, गगनबावड्याच्या रस्त्याला लागली. संयोगितानं फाटकात उभं राहून हात हलवला होता. आईनंही हलवला होता. अशा वेळी आईच्या तोंडावर एक हसू येतं, ओठ मिटलेले, गालाची दोन टोकं कोणीतरी चिमट्यांनी वर धरल्यासारखं. लहानपणी संयोगिताला वाटायचं आई खूश झाली.

वडिलांनी बाह्या सरसावल्या, जाळी घेतली आणि स्वतः पकडायला बसले. बारक्या, फिकट त्यांनी सोडल्या. "बारकं कशाला द्यायचं? चांगलं बघून द्यावं माणसानं." कोळंबीत लाल आणि मोठी म्हणजे मादी, आणि त्यातली ठसठशीत म्हणजे अंडी धरलेली. संयोगिता म्हणाली, "बाबा, त्या अंडी धरलेल्या हायत." "मग तर झालंच! लेकुरवाळ्या जात्यात." काका गडगडून हसले, वडील हसले, आणि काकांबरोबर आलेला ऋतुराज सोफ्यावर एका कानात इयरफोन घालून बसला होता तोही उगाच हसला. तिनं बरणीवर ओढणीचं फडकं बांधलं आणि ती त्याच्या हातात देताना सांगितलं, अगदी नीट सांगितलं, की तुझ्या त्या फ्लॉवरहॉर्न माशाच्या टँकमध्ये ह्या सोडायच्या नाहीत, माशाला चांगलं-वाईट नसतं, तोंडात मावेल तेवढं सगळं त्याचं खाणं, ह्यांना वेगळ्या भांड्यात ठेव, मॉस देतो तुला. "हो गं, माहिती आहे," तो म्हणाला. दुसऱ्या कानातलं गाणं तिलासुद्धा ऐकू येत होतं.

आणि हे 'तोंडात मावेल तेवढं' तिला काही फुकट कळलेलं नव्हतं. पहिल्यांदा तिनं कोळंब्या आणल्या तेव्हा टँकमध्ये गप्पी होते, रंगीत शेपट्यांचे, गरीब चेहऱ्याचे. कोळंब्यांना पिल्लं झाली, स्वल्पविरामाएवढी, आरपार दिसणारी, आणि त्या गरीब चेहऱ्याच्या माशांनी ती चहाबरोबर शेंगदाणे खावेत तशी निवांत वेचून खाल्ली. ती काचेवर थापा मारत राहिली. मग गप्पी मैत्रिणीकडं गेले, टाचणीच्या डोक्याएवढ्या तोंडाचे टेट्रा आले, आणि कोपऱ्यात गोधडीसारखा जाड मॉस आला, पिल्लांना लपायला. महापालिकेची डासांच्या धुराची गाडी गल्लीत आली की ती शाळेचा डबा टाकून धावायची आणि टँकवर ओली चादर घालायची, कारण जो धूर डासाला लागतो तो कोळंबीलाही लागतो. एकदा आई ओरडली, "मेली गं एक, पांढरी पडली, काढून टाक!" आणि ती मेलेली नव्हतीच, ती नुसती कात होती, डोळे-मिशांसकट जशीच्या तशी. आतली कोळंबी दगडाखाली जाऊन बसली होती, मऊ, कुणाच्याही दातांना लागेल अशी, नवं कवच घट्ट होईपर्यंत कुणासमोर न येणारी. संयोगितानं आईला हे सांगितलं तेव्हा आई पदराला हात पुसत बराच वेळ दगडाकडं बघत राहिली होती. गेल्या वर्षी विज्ञान प्रदर्शनात ह्याच कोळंब्या बरणीत घेऊन ती उभी राहिली. त्याआधी ती वर्गात बोलायची ती कॉलरशी बोलायची. परीक्षकांनी सहज विचारलं, मासा आणि कोळंबी एकत्र कसे राहतात, आणि तिच्या तोंडून जे सुरू झालं ते थांबेचना, आजूबाजूची पोरं गोळा झाली, परीक्षकांनी चष्मा काढून हातात धरला. आपला आवाज असा आहे, इतका मोठा आणि इतका आपला, हे तिला त्या दिवशी कळलं. आता ती वर्गात हात वर करते तेव्हा बाई म्हणतात, दुसऱ्यांनाही बोलू दे गं बाई. आणि तोच आवाज रविवारी हॉलमध्ये कुठं गेला होता? एक वाक्य बोलली, 'त्या अंडी धरलेल्या हायत', आणि त्यावर सगळे हसले म्हणून गप्प बसली. वर फडकं बांधून दिलं. बरणी सरळ धर म्हणाली. गाडी वळेपर्यंत हात हलवला. गालांची टोकं वर धरली होती की काय आपणही? तिनं मोबाईलच्या काळ्या काचेत बघितलं. खारीचे कण लागलेलं एक तोंड दिसलं, आणि ते तोंड आता हसत नव्हतं. पोटात काहीतरी तापलेलं, गोल, तव्यावरच्या भाकरीसारखं फुगत होतं, आणि गंमत म्हणजे ते तिला आवडत होतं.

संध्याकाळी वडील आले, चपला दारात उडवल्या. "बाबा, व्हिडिओ बघितला?" "बघितला की! काय खातोय गं गडी, एका घासात!" "माझ्या होत्या त्या." वडिलांनी तिच्याकडं खरोखरच न कळून बघितलं. "दिल्यावर तुझ्या कशा? दिलं की त्याचं झालं. तो माशाला घालंल न्हायतर रश्श्यात टाकंल. आपुन इचारायचं न्हाय." "मी नीट सांगितलं होतं ऋत्याला." "अगं, जवळ्याएवढा जीव तो! जवळ्याला नाव ठेवून कोण जपतंय का? उरलेल्या घालतील की पिल्लं." आई आतून म्हणाली, "हातपाय धुवा आधी." संयोगिता म्हणाली, "बरं." आणि तो 'बरं' तिनं असा मऊ म्हटला, असा साखरेत घोळवून म्हटला, की आईनं पातेल्यावरची नजर काढून तिच्याकडं बघितलं.

मग तो आठवडा. गणिताच्या क्लासला ऋतुराज तिच्या पुढच्या बाकावर बसतो. त्याची मान नुकतीच मशीननं कोरलेली होती आणि खिडकीतलं ऊन त्याच्या कानांतून आरपार येत होतं, कान लाल, आत बारीक शिरा. ती त्या कानांकडं बघत बसायची. सर फळ्यावर वर्तुळ काढायचे आणि तिला दिसायचं की वर्ग निळ्या खडीनं भरलाय, वरून पांढरा उजेड पडलाय, आणि कुणीतरी ऋतुराजला मानेला धरून बरणीतून खाली सोडतंय. तो पडतोय, हातपाय पोटाशी घेऊन मागच्या मागं उडतोय, मागं काय आहे ते न बघता. मागं ती आहे. तोंड उघडून. असला आनंद तिला सहलीलासुद्धा झाला नव्हता. रोज ती नवीन काहीतरी रचायची. त्याच्या डब्यात ठेचा, नुसता ठेचा, वर पोळीची एक पातळ चादर. त्याच्या सायकलच्या चाकातली हवा, रोज, पावसापाण्यात, तो कॉलेजला जाईपर्यंत. मग हे सगळं पोरकट वाटायचं. त्यानं सायकल खाल्ली नव्हती. त्यानं जे खायला घातलं ते पायांनी वारा घालत होतं. एकदा तो वळला आणि म्हणाला, "काय गं, पैलवानाचा व्हिडिओ बघितलास? तू लाईकच केलं नाहीस." त्याचे दात एकसारखे, पांढरे, तारा लावून सरळ केलेले. "करतो की," ती म्हणाली. "निवांत करतो." आणि घरी येऊन टँकसमोर बसली की उरलेल्या कोळंब्या, त्या बारक्या, फिकट, वडिलांना पावण्याला द्यायला लाज वाटली त्या, मॉसमधून बाहेर यायच्या, मिशा हलवायच्या, आणि तिला वाटायचं ह्या मोजतायत आपल्याला. कोण आपल्या बाजूचं आहे ते बघतायत. "थांबा गं," ती काचेला ओठ लावून म्हणायची. "थांबा जरा."

शुक्रवारी काकांचा फोन आला, रविवारी सगळ्यांनी जेवायला यायचं, शालननं मटण सांगितलंय. संयोगिताला वाटलं देवानंच बोलावलं. रविवारी सकाळी बाथरूममध्ये तिनं फिनेलची बाटली उचलली आणि होमिओपॅथीची एक रिकामी बाटली, बोटाएवढी, काठोकाठ भरून घेतली. बूच घट्ट लावलं तरी बोटांना वास राहिलाच. साबणानं धुतली, नारळाचं तेल लावलं, तरी राहिला. गाडीत आई म्हणाली, "कसला गं वास?" "बाथरूम धुतलं मी." वडील आरशातून म्हणाले, "बघ, पोरगी शहाणी झाली." खिशातली बाटली मांडीला लागून गरम होत होती, जिवंत असल्यासारखी. इतकं कमी पुरतं, तिला माहीत होतं. टँकशेजारी उभं राहायचं, केस सारखे करायचे, हात खाली आणायचा. संध्याकाळी मासा आडवा. आणि मग ऋतुराजचा चेहरा. तिला मासा मरायला नको होता, खरं सांगायचं तर मासा तिच्या डोळ्यांपुढं येतच नव्हता. तिला तो चेहरा हवा होता.

काकांचा हॉल मोठा, आणि वास्तूवाल्यानं सांगितलेल्या कोपऱ्यात तो टँक. व्हिडिओत दिसला त्यापेक्षा मासा मोठा निघाला, वडिलांच्या पंजाएवढा. अंगावर काळी नक्षी, कुणीतरी शाईनं लिहून अर्धवट पुसल्यासारखी. शालनकाकू तांबडा रस्सा वाढता वाढता सांगत होत्या, "ह्यो आल्यापास्नं बघा घरात सगळं चांगलंच चाललंय. कारखान्यात नवीन मशीन आलं, ह्याला नववीला मार्क पडले, ह्यांचं पोट दुखायचं थांबलं." आईनं मान डोलावली. संयोगितानं दोन वाट्या रस्सा प्यायला, तिसरी मागितली. सूड घ्यायचा म्हणून काही भूक मरत नाही. जेवण झालं, मोठी माणसं सुपारी घेऊन बसली, आणि ती हात पुसत टँककडं गेली. मासा लगेच काचेजवळ आला. त्याचा डोळा बाहुलीसारखा फिरायचा, वेगळा वेगळा, आणि तो तिच्यावर येऊन थांबला. तिनं खिशात हात घातला. बूच अंगठ्याखाली आलं. टँकच्या तळाशी, खडीत, काही लाल दिसतंय का ते ती बघत होती, एखादी मिशी, एखादं कवच. काही नव्हतं. इतकं स्वच्छ होतं की आपणच वेडी आहोत असं तिला वाटलं, जणू कुणी कधी आत पडलंच नव्हतं.

"कसा हाय आमचा पैलवान?" पाठीमागून काकांनी विचारलं.

तिला 'बरा हाय' म्हणायचं होतं, आणि बूच फिरवायचं होतं. पण तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते असं, "लई देखणा हाय हो, काका!"

हॉलमध्ये काहीतरी थांबलं. फार नाही, पंखा चालूच होता. पण शालनकाकूंचा सुपारीचा हात तबकावर तसाच राहिला, आणि आईनं मान एवढीशी वळवली. तेव्हा संयोगिताला कळलं. तिच्या हातात फिनेलपेक्षा जालीम काय आलंय ते तिला एकदम, डोक्यापासून टाचेपर्यंत कळलं, आणि तिनं बूच सोडून दिलं. प्रदर्शनातला तो आवाज घशात आला, मोठा, गोड, आपला. "असा मासा मी कुठंच बघितला न्हाय. काय ते कपाळ! काय ती नक्षी! आता मला रात्री झोप न्हाय येणार बघा."

"पोरीला मासं म्हंजी जीव," वडील कौतुकानं म्हणाले.

"व्हय, व्हय," काका म्हणाले आणि घसा खाकरून बायकोकडं बघितलं. "संयू, काजू घे की. परवाच भाजलाय."

"काजू नको, काका. मी ह्याच्याकडंच बघत बसतो. आज तेवढंच. परत कधी बघायला मिळणार? आमच्या घरी असलं नशीब कुठलं!"

वडील मित्राकडं बघत होते, आणि त्यांच्या नजरेत हाव नव्हती, तसं काहीच नव्हतं. त्यांच्या जगात ह्या वाक्यानंतर एकच वाक्य येतं, आणि ते ऐकायला ते अगदी प्रेमानं, निवांत बसले होते. काकांच्या मानेची शीर वर आली, खाली गेली. तालमीत म्हणे दोघांची कुस्ती कधीच निकाली व्हायची नाही. काकांनी कोपऱ्याकडं बघितलं, मग वडिलांकडं, आणि शेवटी हसत, छाती पुढं काढून म्हणाले, "न्या की!"

"पप्पा!" ऋतुराज खुर्चीतून उठला.

"गप रं. पोरगी पहिल्यांदा काय मागाय लागलीय."

"छे छे, मी मागितला न्हाय, काका," संयोगिता म्हणाली, इतकी लाडकी होऊन म्हणाली की तिची तिलाच मिठी मारावीशी वाटली. आणि मग तिनं वळून तो चेहरा बघितला, ज्यासाठी ती आठवडाभर जगली होती. आधी तो पांढरा झाला. कान तेवढे लाल राहिले. ओठ उघडले, तारेनं सरळ केलेले दात दिसले. मोठी माणसं सगळी हसत होती, त्याच्याकडं बघून हसत होती, आणि मग, अहाहा, त्याच्या गालांची दोन टोकं हळूहळू वर गेली. चिमट्यांनी धरल्यासारखी. तिनं ते हसू उसाच्या रसासारखं प्यायलं, शेवटच्या थेंबापर्यंत, वर बर्फाचा खडासुद्धा चघळला. शालनकाकू उठून आत निघून गेल्या. मासा पकडताना ऋतुराजनं जाळी कुणाला देऊ दिली नाही. बादलीत सोडून तो खाली बसला आणि बराच वेळ उठलाच नाही.

गाडीत बादली तिच्या दोन पायांत होती. खड्डा आला की पाणी तिच्या गुडघ्यावर उडायचं. वडील खुशीत होते. "ह्याला म्हणतात मैतर! एका शब्दात दिला बघ. काळीज लागतंय त्याला." आई खिडकीतून बाहेर बघत होती. रंकाळ्याचं वळण आलं तेव्हा ती न वळता म्हणाली, "कुणाकडनं शिकलीस गं हे?" "काय?" वडील म्हणाले. "काही न्हाय," आई म्हणाली. तिच्या आवाजात राग होता की आणखी काही होतं, ते संयोगिताला कळेना, आणि तिनं ते कळून घ्यायचा फार प्रयत्नही केला नाही. ती जिंकली होती. तिला ओरडावंसं वाटत होतं, सिग्नलला काच खाली करून शेजारच्या रिक्षावाल्याला सांगावंसं वाटत होतं.

घरी हॉलमधल्या टँकचा प्रश्नच नव्हता. मागच्या अंगणात कपडे भिजवायचा मोठा गुलाबी टब होता, तो घासून, पाणी भरून, बादलीतलं पाणी मिसळत मिसळत तिनं त्याला सोडलं. ते ती नेहमीच्या सवयीनं करून गेली आणि मग आपल्यावरच चिडली. ह्याला कशाला एवढं नीट? वडील घोरत होते. आई आत भांडी लावत होती. दुपारचं ऊन टबाच्या कडेवर येऊन थांबलं होतं, आणि त्या गुलाबी पाण्यात तो उभा होता, पंख तेवढे हलवत. आता कुणी विचारणार नव्हतं. नवीन पाणी सोसलं नाही, मासे असे मरतातच, 'तालीम परिवार'वर हात जोडलेली चार चित्रं येतील आणि संपलं. बाटली खिशातच होती. किंवा नुसतं उचलायचं आणि फरशीवर ठेवायचं. तिनं बाही वर केली आणि पाण्यात हात घातला, त्याला पोटाखालून धरायला. तिला वाटलं पळेल. ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत धडका देईल, मग ती त्याला पकडेल, दमवेल, त्याला कळेल मागं कोण आहे ते. मासा पळाला नाही. तो वळला, सरळ तिच्या हाताशी आला आणि ते टेंगूळ, ते मऊ, गार टेंगूळ त्यानं तिच्या तळव्यात टेकवलं. टेकवून घासलं. मांजर घासतं तसं. मग थांबला आणि परत घासलं. कुणीतरी रोज असं करत होतं त्याला. तिला इतका राग आला, इतका, की डोळ्यांत पाणी आलं. ज्याला मारायचं त्याला काहीतरी माहीत असायला नको? निदान एवढं तरी, की आपण कुणाचे कोण लागतो?

तेवढ्यात फोन वाजला. तिनं कोरड्या हातानं उचलला. ऋतुराज होता, नाक चोंदलेलं.

"ऐक, फोन ठेवू नको. कोळंब्या हायत."

"कसल्या कोळंब्या?"

"तुझ्याच की! फिल्टरच्या मागं लपल्या होत्या. पैलवान गेला आणि आत्ता बाहेर आल्यात. समोरच्या काचेवर बसल्यात. एकीच्या पोटाखाली पिवळं हाय गं."

संयोगिताला आपल्या छातीचा आवाज फोनमधून त्याला जाईल असं वाटलं. "फिल्टर बंद कर."

"का?"

"बंद कर म्हणतो न्हवं! पिल्लं झाली तर आत ओढली जातील. त्याच्या तोंडाला स्पंज बांध. भांडी घासायचा नको, साबण असतोय त्यात. कोरा बघ."

तो पळाला. तिला ड्रॉवर उघडल्याचे आवाज आले, मग शालनकाकूंचे, "आरं मेल्या, नवा कोरा स्पंज कशाला फाडतुयास? मासा घालवलासा, आता घर फाडा!" तो धापा टाकत परत आला. "बांधला. रबर लावला वरनं." "दोन लाव." "लावले." "आणि त्यात नवीन मासा आणायचा न्हाय." "पप्पा आणणार म्हणत होते." "न्हाय आणायचा." "बरं." तो सगळ्याला बरं म्हणत होता. शाळेत हा कुणाला बरं म्हणत नसे. सगळा वेळ तिचा दुसरा हात टबात होता आणि त्या हातात ते गार ओझं टेकून राहिलं होतं, कल्ले उघडत, मिटत.

मग त्यानं विचारलं. आवाज अगदी खाली आणून, जसं काही सहजच. "पैलवान कसा हाय?"

"मेला," संयोगिता म्हणाली.

कुठून आला शब्द? ती काही ठरवून म्हणाली नव्हती. पण आला तो थेट, न अडखळता, आणि तिनं फोन कानाशी घट्ट दाबला, त्याचं ओरडणं, शिव्या, रडणं, काहीच निसटू नये म्हणून. पलीकडं काही नव्हतं. त्याच्या हॉलमधला पंखा कटकटत होता, तेवढंच. मग तिनं ऐकलं की तो श्वास घेतोय, तोंडानं, एक एक.

"बरं," तो म्हणाला.

आणि जरा वेळानं, "ह्यांना खायला काय घालू? ह्या तरी मरायला नकोत."

तिनं तोंड उघडलं. सांगायचं एकच वाक्य होतं, छोटं. ते आलं नाही. जे आलं ते तिला पाठ होतं. "पालकाचं पान घे. एकच. आधी धुऊन घे, फवारलेलं असतंय."

"एकच. धुऊन."

"मऊ होईपर्यंत उकड. मग गार कर."

"उकडून, गार करून," तो म्हणाला. नाक ओढलं. "थांब, कुठंतरी लिहितो. हां. पुढं सांग."

ती पुढं सांगत राहिली. पाण्यातला हात तिनं जराही हलवला नाही. हलवला असता तर मासा वळला असता, आणि पाण्याचा आवाज पलीकडं ऋतुराजला ऐकू गेला असता.